जुन्या बंदराच्या शहरात रोजच्या छायाचित्रणासाठी एकाच फोकल लेंथचा लहान कॅमेरा पुरतो का?

धागाकर्ता

समुद्रकाठच्या जुन्या शहरात रोज फिरता फिरता छायाचित्रे काढायची असतील, तर मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा), एकाच फोकल लेंथचे, म्हणजे झूम न होणारे आणि न बदलणारे भिंग असलेला लहान कॅमेरा हे सर्वांत योग्य साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. रिको जीआर ३, फुजीफिल्म एक्स१००व्हीआय आणि लायका क्यू ३ ही या प्रकारातली परिचित नावे. यांतला रिको बॅटरी व कार्ड धरून २५७ ग्रॅमचा आहे आणि तो खिशात मावतो. तरीही त्यात २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे फोनपेक्षा बराच मोठ्या आकाराचा सेन्सर आहे.

माझा भर ‘रोज’ या शब्दावर आहे. तटबंदी, बुरूज, दीपगृह यांची छायाचित्रे पाहुणाही एका दिवसात काढून नेतो. धक्क्यावरच्या पायऱ्यांवर ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी शेवाळाची रेघ, खाऱ्या हवेने फुगून पापुद्रे सुटलेला भिंतीचा चुना, दोरखंडाच्या घर्षणाने एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने गंजलेली लोखंडी कडी, या गोष्टी मात्र ठरवून बाहेर पडणाऱ्याला क्वचितच सापडतात. कामाला जाता-येता त्या समोर येतात आणि त्या वेळी कॅमेरा जवळ असावा लागतो. मोठी बॅग खांद्यावर घेऊन भाजी आणायला कोणी जात नाही.

दुसरे कारण वेगाचे आहे. जीआरमध्ये ‘स्नॅप फोकस’ची सोय आहे. त्यात अंतर आधीच ठरवून ठेवता येते. २.५ मीटर अंतर आणि एफ/८ ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) ठेवले, तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. अरुंद गल्लीच्या वळणावर अचानक समोर आलेले दृश्य टिपायला याहून सोपी पद्धत मला माहीत नाही.

प्रतिसाद १

खिशात मावण्याचाच निकष लावायचा, तर तो फोन आधीच पूर्ण करतो. शिवाय बंदराच्या शहरातली खरी अडचण प्रकाशाची असते. गल्लीत काळोख आणि गल्लीच्या तोंडाशी पाण्यावरून परावर्तित होणारे झगझगीत ऊन, असे दृश्य फोन अनेक एक्स्पोजर (कमी-अधिक प्रकाश घेतलेली चित्रे) एकत्र करून क्षणात सांभाळतो. तुमच्या कॅमेऱ्यावर आकाश वाचवायचे तर सावली काळी पडणार, आणि ती नंतर संगणकावर बसून उजळावी लागणार. रोज छायाचित्रे काढणाऱ्याला रोज तेवढा वेळ असतो का?

धागाकर्ता

आपला प्रश्न योग्य आहे, पण ती काळी पडलेली सावली मला दोष वाटत नाही. फोनच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेल्या चित्रात गल्लीचा काळोख आणि पाण्यावरचे ऊन जवळपास एकाच पातळीवर येतात. गल्लीतून धक्क्यावर पाऊल टाकताना डोळे दिपतात, तो अनुभव चित्रातून निघून जातो. एपीएस-सी सेन्सरच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) उजळ भाग वाचवून एक्स्पोजर घेतले, की सावली किती उघडायची हे मला ठरवता येते आणि बहुतेक वेळा मी ती उघडतच नाही. लाटांसारखी हलणारी गोष्ट असेल तर अनेक फ्रेम जोडताना कडा विरघळल्यासारख्या दिसतात, तेही मला खटकते. फोनवरही रॉ काढता येते, हे मान्य आहे. पण मग आपण सांगितलेला वेळेचा फायदा उरत नाही.

प्रतिसाद २

फोनचा मुद्दा बाजूला ठेवू. माझा आक्षेप एकाच फोकल लेंथला आहे. बंदरातले निम्मे विषय पाण्यापलीकडे असतात. नांगरलेली बोट, धक्क्याला लागणारी फेरीबोट, लाटा अंगावर घेणारा दीपगृहाचा खडक यांच्याकडे चालत जाता येत नाही, आणि ‘पायांनी झूम करा’ हा नेहमीचा सल्ला पाण्याच्या कडेला संपतो. जीआर ३ चे २८ मिमी समतुल्य भिंग (हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद, मोठा तितके जवळ) अशा वेळी बोटीचा ठिपका करून ठेवते. सोनी आरएक्स१०० मालिकेतला सातवा कॅमेरा २४ ते २०० मिमीपर्यंत पोहोचतो आणि तोही खिशात मावतो. त्याचा एक इंचाचा सेन्सर क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या साधारण एक तृतीयांश आहे, त्यामुळे कातरवेळी चित्रात दाणे जास्त दिसतील. मला ते चालतील. न मिळालेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र बरे.

धागाकर्ता

पाण्याचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ज्यांना बोटीच हव्यात त्यांनी झूम घ्यावा. ४० मिमी समतुल्य भिंगाचा जीआर ३एक्स किंवा एक्स१००व्हीआयच्या ४० मेगापिक्सेल चित्रातून काढलेला तुकडा थोडे जवळ नेतो, पण २०० मिमीची बरोबरी करत नाही. तरीही रोजच्या छायाचित्रणाचा विषय पाण्यापेक्षा पाण्याच्या अलीकडची वस्ती अधिक असतो, असे मला वाटते. आणि एकच दृश्यकोन महिनोन्‌महिने वापरल्यावर कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसू लागते. झूममध्ये ही सवय लागायला फार उशीर होतो.

प्रतिसाद ३

हवामानाचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, आणि ती ओल धातूचे भाग गंजवते. जीआर ३ आणि आरएक्स१०० या दोहोंना हवामानरोधक बांधणी नाही; शिवाय त्यांचे भिंग दर वेळी आत-बाहेर होते आणि त्या हालचालीसोबत हवा व बारीक कण आत ओढले जातात. भिंग निघत नसल्याने सेन्सरवर बसलेला कण घरी साफ करता येत नाही. जीआर ३ मध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय आहे, पण चिकटलेल्या कणापुढे तिचे फारसे चालत नाही. एक्स१००व्हीआयला संरक्षण हवे तर वेगळी रिंग आणि ४९ मिमी फिल्टर लावावा लागतो. क्यू ३ ला आयपी५२ (धूळ आणि पाण्याच्या थेंबांपासून मर्यादित संरक्षणाचे) मानांकन आहे, पण तो खिशात मावत नाही. म्हणजे खिशात मावणारा कॅमेरा खाऱ्या हवेला तोंड देऊ शकत नाही आणि तोंड देणारा खिशात मावत नाही. धागाकर्त्याने ज्या ‘रोज’वर भर दिला, त्या रोजच्या वापरानेच हा कॅमेरा लवकर खराब होईल.

प्रतिसाद ४

मला या चर्चेत माणसांची उणीव जाणवते. लहान कॅमेऱ्याचे कौतुक करताना तो कोणाच्या लक्षात येत नाही, हा गुण म्हणून सांगितला जातो. एक्स१००व्हीआयच्या लीफ शटरचा (भिंगातच बसवलेल्या पडद्याचा) आवाज तर जवळजवळ येतच नाही. जाळी विणत बसलेल्या किंवा मासळी निवडणाऱ्या माणसाच्या नकळत त्याचे चित्र घेणे मला गैर वाटते, कारण जुनी बंदरे पर्यटकांना देखावा वाटत असली तरी तिथल्या लोकांसाठी ती कामाची जागा आहे. तुर्की छायाचित्रकार आरा गुलेर यांनी १९५० च्या दशकापासून इस्तंबूलचे कोळी, नावाडी आणि गोदीतले कामगार टिपले. त्या चित्रांतला जिव्हाळा कॅमेऱ्याच्या लपण्यातून आलेला नाही, तो त्या शहरातच वाढलेल्या माणसाच्या सहवासातून आलेला आहे. दिसणारा कॅमेरा समोरच्याला नकार देण्याची संधी देतो.

धागाकर्ता

नकळत चित्र घेण्याचे समर्थन मी करणार नाही. पण लहान कॅमेरा लपवण्यासाठीच असतो, हे मला पटत नाही. मोठे भिंग समोर आले की माणूस अवघडतो आणि काम थांबवतो. लहान कॅमेरा हातात उघड धरून आधी चार शब्द बोलले, तर संमती मिळाल्यावरही त्या माणसाचे काम चालू राहते. २०० मिमीने दुरून घेतलेल्या चित्रात मात्र विचारण्याची शक्यताच नसते, आणि २८ मिमीला दीड-दोन मीटरपर्यंत जावेच लागते.

मिठाच्या बाबतीत प्रतिसाद ३ चे म्हणणे बरोबर आहे. लाटांचे तुषार उडत असतील तेव्हा मी भिंग उघडत नाही, परतल्यावर किंचित ओलसर कापडाने आणि मग कोरड्याने कॅमेरा पुसतो, आणि तो सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात ठेवतो.

प्रतिसाद ३

तुषार उडत असताना भिंग उघडायचे नाही, म्हणजे वादळी दिवसांतले बंदर आपल्या संग्रहात येणारच नाही. रोजच्या नोंदीत तेही असायला हवे. मी हवामानरोधक बॉडी (भिंगाशिवायचा कॅमेरा) आणि एकच लहान भिंग वापरत राहीन, खिसा सोडावा लागला तरी चालेल.