जुनी जिप्सी : एलपीजी किट बसवावे की पेट्रोलवरच ठेवावी?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९८ ची मारुती जिप्सी किंग आहे. १.३ लिटरचे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळणारे इंजिन, कापडी हूड आणि फोर व्हील ड्राइव्हची मूळची यंत्रणा असे सगळे चालू स्थितीत आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असल्यामुळे विकण्याचा प्रश्नच नाही. रोजच्या कामाला मी लोकलने जातो. जिप्सी निघते ती पावसाळ्यात माळशेज, भंडारदरा, पाचनई अशा बाजूंना, आणि एरवी पंधरवड्यातून एखादी फेरी. वर्षाचे रनिंग तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते आणि पेट्रोलवर लिटरला सरासरी दहा किलोमीटर मिळतात.

मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून आमच्या गॅरेजवाल्यांचा आग्रह चालू आहे की एलपीजी किट बसवून टाका. दुसरीकडे, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यामुळे जुन्या इंजिनाचे रबरी भाग खराब होतात असे ऐकतो, त्यामुळे गॅस हाच गाडीच्या तब्येतीला बरा पर्याय आहे की काय, अशी शंका मनात आहे. ज्यांनी जुन्या फोर बाय फोरला गॅस बसवला आहे, किंवा विचार करून बसवला नाही, त्यांचे मत हवे आहे. गाडी आणखी दहा-पंधरा वर्षे टिकावी एवढीच इच्छा आहे.

घाटवाट

तुम्ही रनिंगचा आकडा दिलात हे फार बरे केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

एक लिटर एलपीजीमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे त्याच गाडीचे मायलेज गॅसवर साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरते. म्हणजे तुमची जिप्सी दहाऐवजी आठ किलोमीटर देईल असे धरा. वर्षाला तीन हजार किलोमीटरसाठी पेट्रोल लागते ३०० लिटर, गॅस लागेल ३७५ लिटर. पेट्रोल १०४ रुपये आणि गॅस ६५ रुपये धरला, तर खर्च अनुक्रमे ३१,२०० आणि २४,३७५ रुपये, म्हणजे वर्षाची बचत जेमतेम सात हजार. किट, टाकी आणि आरटीओचे काम मिळून चाळीस हजार धरले, तर पैसे वसूल व्हायला सहा वर्षे जातील, आणि त्या सहा वर्षांत किटच्या देखभालीवर एक रुपयाही खर्च होणार नाही असे गृहीत धरावे लागेल. भाव माझे धरलेले आहेत. तुमच्या पंपावरचे घालून हिशेब पुन्हा करून पाहा, पण निष्कर्ष फारसा हलणार नाही.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती टाकीच्या जागेची. हॅचबॅक गाड्यांना स्टेपनीच्या खळग्यात बसणारी गोल चपटी टाकी मिळते, पण जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते, तिला तसा खळगाच नाही. मग टाकी एक तर मागच्या बाकांच्या जागी जाते, म्हणजे सामानाची जागा संपली, किंवा चॅसिसखाली लटकते, आणि तिथे मागचा भाग दगडाला टेकण्याची शक्यता वाढते. पाचनईच्या वाटेवर ओढ्यातून वर चढताना जिप्सीचा मागचा बंपर आणि जमीन यांच्यात किती अंतर उरते हे तुम्ही पाहिलेच असेल. तिथे गॅसची टाकी किंवा तिची नळी असावी असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून न जाता गाडीच्या तळाशी आणि पार्किंगच्या खोलगट भागात साचतो. त्यामुळे टाकी आत बसवल्यास तिच्या व्हॉल्व्हवर हवाबंद डबा आणि त्यातून गाडीबाहेर उघडणारी नळी असलीच पाहिजे. हूड कापडी आहे, हवा खेळती राहते, या समजावर विसंबू नये. तुमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात असेल तर याचा आधी विचार करा.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. गॅसचा ऑक्टेन आकडा (इंधन अवेळी पेटण्याला किती विरोध करते याचे माप) शंभरच्या वर असतो हे खरे, पण त्याचा लाभ जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण जास्त दाबणाऱ्या, इंजिनाला मिळतो. जिप्सीचे कॉम्प्रेशन नऊच्या आतबाहेर असल्यामुळे तो वाया जातो. कार्ब्युरेटरवर गॅस आणि हवा मिसळणारा मिक्सर बसवला की हवेच्या वाटेत अडथळा येतो आणि थोडी ताकद कमी होते. शहरात ते जाणवणार नाही, पण भरलेली गाडी माळशेज चढताना जाणवेल.

दहिसर_अंधेरी

वरच्या हिशेबाशी सहमत आहे, तरी दुसरी बाजू नोंदवतो, कारण माझी परिस्थिती वेगळी आहे. माझीही जिप्सीच आहे, २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाची, आणि व्यवसायामुळे ती रोज धावते. एलपीजी किट बसवून बरीच वर्षे झाली आणि किटचे पैसे केव्हाच वसूल झाले. इंजिन गॅसवर शांत चालते, तेल उशिरा काळे पडते आणि प्लगवर काजळी धरत नाही. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ते कडे) झिजतात अशी भीती घालतात, पण जिप्सीचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि त्यात सीट वेगळ्या, कठीण धातूच्या बसवलेल्या असतात. टॅपेटचे क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट, वेळेवर तपासले तर घाबरण्याचे कारण नाही. ते क्लिअरन्स वारंवार कमी होऊ लागले, तर मात्र सीट बसत चालल्याची ती खूण समजावी.

अडचण आहे ती पंपांची. मुंबईत एलपीजी देणारे पंप मुळातच मोजके, आणि माझ्या नेहमीच्या रस्त्यावरचा एक बंद झाल्यापासून मला भरण्यासाठी वाकडी वाट करावी लागते. कसारा ओलांडून आत शिरल्यावर तर गॅसचा विचारही करू नये. तुमच्या सहली ज्या भागात आहेत तिथे तुम्ही पेट्रोलवरच चालवणार, आणि शहरात, जिथे गॅस मिळेल, तिथे गाडी काढणार नाही. मग किट वापरणार कुठे?

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला कधीही जाऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय वाहनाच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणे थांबवणारा व्हॉल्व्ह असतो तो उन्हात गॅस फुगायला जागा राहावी म्हणून, आणि अशा चोरट्या भरण्यात ही काळजी कोणीच घेत नाही.

मुलुंड_पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. पार्किंग तळघरातच आहे, त्यामुळे तो मुद्दा माझ्यासाठी निर्णायक ठरतो. सीएनजीबद्दल काय मत आहे? महानगर गॅसचे पंप तर मुलुंडपासून सगळीकडे आहेत. आणि आरटीओचे नियम नेमके काय आहेत?

वडाळा_पासिंग

नियमांपुरते लिहितो. गॅस बसवणे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात केलेला बदल. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी हवी, ती मंजुरी तुमच्या इंजिनाच्या क्षमतेला आणि गाडीच्या प्रदूषण मानकाला लागू पडायला हवी, आणि बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर इंधनाची नोंद करून घ्यायला हवी. तुमची गाडी भारत स्टेज मानकांच्या आधीची आहे, म्हणून किट घेण्याआधी विक्रेत्याकडून मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि ती हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. नोंद न करता गॅस चालवल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. आरसीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, तेव्हाही गाडी आरटीओत दाखवावीच लागेल.

सीएनजीची टाकी सुमारे २०० बारचा दाब सहन करण्यासाठी जाड पोलादाची असते आणि दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) करावी लागते. हा गॅस हवेपेक्षा हलका आहे, हे तळघरातल्या पार्किंगच्या दृष्टीने एलपीजीपेक्षा बरे. मात्र जेमतेम हजार किलोच्या, पाट्यांच्या स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या आसावर कायमचे एवढे वजन टाकणे मला पटत नाही.

घाटवाट

सीएनजीबाबत वरच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. शिवाय त्यावर ताकद एलपीजीपेक्षाही जास्त उतरते.

आता इथेनॉलकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो आहे आणि किटसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथे लागले पाहिजेत. सध्या पंपावर जे साधे पेट्रोल मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९९८ च्या गाडीच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. बॉनेट उघडून इंजिनावरच्या पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी क्लॅम्पच्या जवळ वाकवून पाहा. बाहेरून ती काळीभोर, धडधाकट दिसते, पण वाकवल्यावर क्लॅम्पच्या कडेला केसाएवढ्या भेगा उघडतात, आणि बोट फिरवले की बोटाला पेट्रोलचा वास लागतो. अशी नळी गरम एक्झॉस्टच्या शेजारी ठेवणे धोक्याचे आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या, परतीची नळीसुद्धा, एकाच वेळी बदला. नवी नळी घेताना तिच्यावर ३०आर९ हा शिक्का पाहून घ्या. त्या नळीचे आतले अस्तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे असते.

पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट, फ्लोटची सुई व अ‍ॅक्सिलरेटर पंपाचे रबर हेही नव्याने घाला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इंजिन गरम असताना हळू वेगात धक्के देत असेल तर आधी मिक्श्चर स्क्रू थोडा उघडून पाहावा, आणि चढावर ओढ कमी वाटली तरच मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घालावा. टाकीतला जुना गाळ इथेनॉलमुळे सुटतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा बदला. गॅस बसवला असता तरी हे सगळे करावेच लागले असते, कारण गाडी पेट्रोलवर सुरू करावी लागते आणि तसे न केल्यास कार्ब्युरेटर कोरडा पडून त्याची गॅस्केट आकसतात.

गाडी पंधरवडा-पंधरवडा उभी राहते, तर टाकी अर्धी ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढते आणि पाणी जास्त झाले की ते तळाशी वेगळे होते. टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागाच कमी उरते.

मुलुंड_पूर्व

मग किटचा विचार सोडला. कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी पावसाळा संपू द्यावा, की लगेच काम काढावे?

दहिसर_अंधेरी

कार्ब्युरेटर थांबू शकतो, नळ्या थांबू शकत नाहीत. नळ्या आणि क्लॅम्प याच आठवड्यात बदलून घ्या, इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून ओल येते का ते पाहा, आणि मगच माळशेजला निघा.