पावसाळ्यात देशी अंडी घरच्या मशीनमध्ये उबवायची आहेत, पाण्याची वाटी ठेवायची का?

देवरुखकडचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं घर, मागच्या परसात दहा-बारा देशी कोंबड्या आणि दोन कोंबडे. अडचण अशी की एक खुडूक झाली की तिच्यामागोमाग दुसरी बसते. तीन आठवडे अंड्यांवर, पुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे, तोवर अंडं नाही. म्हणून घरीच इनक्युबेटर बनवायचं ठरवलंय. जुलैत पिल्लं निघाली तर डिसेंबरअखेरीला विकण्याजोगी होतील, तेव्हा गिऱ्हाईक दारात येतं.

सामान जमलंय: मच्छीवाल्याकडचा मोठा थर्माकोलचा खोका (धुऊन उन्हात ठेवला, वास गेला), डब्ल्यू-१२०९ नावाचा थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा बोर्ड), कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा, जुन्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब आणि तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर.

आता मूळ प्रश्न. शेजारच्या वाडीत एकाने गेल्या पावसात असाच खोका केला होता. टॉर्च लावला की अंड्यात हालचाल दिसायची, सगळे खूश. पण एकविसाव्या दिवशी चार-पाचच पिल्लं निघाली. बाकीची अंडी फोडून बघितली तर आत पिसांसकट पूर्ण तयार पिल्लं मेलेली. व्हिडिओत सांगितलं तशा त्याने पहिल्या दिवसापासून पाण्याच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या. इथे तर पावसात चादर चार-चार दिवस वाळत नाही. मग पाणी ठेवायचं की नाही? आणि लाइट गेली तर काय करायचं? आमच्याकडे पावसात गेलेली लाइट कधी येईल, कुणालाच सांगता येत नाही.

वर्धेकर

भाऊ, आमच्याकडे सगळं उलटं आहे. मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोका थंड करू शकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही मशीन लावतच नाही. थंडीत लावतो, पण तेव्हा हवा इतकी कोरडी की दोन वाट्या पाणी ठेवूनही मीटर ४० च्या वर जात नाही. म्हणून तुमच्या पावसाचं मी सांगणार नाही, कोकणातलंच कुणी सांगेल. एक मात्र सांगतो, वाटी खोल असून उपयोग नाही, पसरट पाहिजे. वाफ वरच्या पृष्ठभागावरून होते. आर्द्रता वाढवायची तर थाळी घ्या, कमी करायची तर लहान वाटी.

परसदार, कुडाळ

देवरुखकर दादा, तुमच्या शेजाऱ्याचं तापमान बहुतेक बरोबर असणार, नाहीतर पिल्लं शेवटपर्यंत वाढलीच नसती. माझा संशय पाण्यावर आहे, आणि थोडा हवेच्या भोकांवर.

मी बचत गटातल्या बायकांची अंडी उबवून देते, सगळी देशी, आणि पावसात मशीन बंद ठेवत नाही. पहिले अठरा दिवस माझी वाटी कोरडी असते. कारण सांगते. जुलैत आपल्याकडे बाहेर साधारण २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. हीच हवा खोक्यात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपसूक ५० ते ५५ टक्क्यांवर उतरते. पहिल्या अठरा दिवसांना हवी असते तेवढीच. म्हणजे पाऊसच तुमची वाटी भरतोय. त्यात आणखी पाणी ठेवलं की आकडा ७०-७५ वर जातो. व्हिडिओवाले खोटं सांगत नसतात, पण त्यांच्या गावची हवा वेगळी. डिसेंबरात देशावर २० अंश आणि ४० टक्क्यांची हवा तापवली तर खोक्यात जेमतेम १५ टक्के उरते. तिथे पाण्याशिवाय भागतच नाही.

जास्त पाण्याने पिल्लू का मरतं? अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यातून रोज थोडं पाणी उडून जायलाच हवं. जेवढं पाणी उडतं तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू बाहेर यायच्या आधी चोचीने आतला पापुद्रा फोडून याच पोकळीतला पहिला श्वास घेतं, कवच त्यानंतर टोचतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं आणि ओलं, त्याला आत वळायला जागा मिळत नाही. तुमच्या शेजाऱ्याने फोडलेल्या अंड्यांत पातळ पाणी सांडलं होतं का, ते त्याला विचारा. सांडलं असेल तर शंकाच नको.

म्हणून माझा आग्रह असा की मीटरवर फार विसंबू नका, वजनावर चाला. ती छोटी मीटरं आर्द्रतेत दहा-दहा टक्के चुकतात. (तपासायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक, तेवढं मीटर चुकतंय.) कोंबडीचं अंडं अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या साधारण १२ टक्के हलकं व्हायला हवं. एकेक अंडं मोजत बसायची गरज नाही, ट्रेसकट मोजा आणि ट्रेचं वजन वजा करा. समजा २० देशी अंडी, प्रत्येकी ४२ ग्रॅम, म्हणजे ८४० ग्रॅम. सातव्या दिवशी ८०० च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ७४० च्या आसपास भरली की सगळं ठीक. सातव्या दिवशी ८२० भरली तर पाणी उडत नाहीये, वाटी असेल तर काढा, भोकं वाढवा. ७८० भरली तर जास्त उडतंय, छोटी वाटी ठेवा. मधे बिनफळाची (जीव न धरलेली) अंडी काढली तर त्यांचं पहिल्या दिवसाचं वजनही हिशेबातून काढा, म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचं वजन लिहून ठेवलेलं बरं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो.

आता भोकं. अंड्यातल्या जिवाला कवचाच्या छिद्रांतून सतत हवा लागते, शेवटच्या आठवड्यात तर फार. खोक्याच्या तळाजवळ दोन-तीन आणि वर झाकणाला दोन-तीन, बोटाएवढी भोकं पाडा. ऊब जाईल म्हणून बुजवू नका. ऊब बल्ब भरून काढतो, हवा कोण भरून काढणार?

थर्मोस्टॅटचं सांगते. तो बोर्ड नवा येतो तेव्हा थंड करण्याच्या कामावर लावलेला असतो. सेटिंगमधल्या पी-० मध्ये जाऊन तो ‘एच’ (गरम करणे) वर आणा, नाहीतर गरम झाल्यावर बल्ब लागेल. पी-१ मध्ये बल्ब बंद होणं आणि पुन्हा लागणं यांत दोन अंशांचा फरक असतो, तो ०.३ करा. मग थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या, तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि बोर्डाचा सेन्सर एकत्र बुडवा. दोघांत फरक असेल तो पी-४ मध्ये दुरुस्त होतो. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा तीन आठवडे चालला तर महागात पडतो: कमी पडला तर पिल्लं बावीस-तेविसाव्या दिवशी, बेंबी नीट न मिटलेली, जास्त झाला तर एकोणीस-विसाव्या दिवशीच, बारकी आणि अशक्त. सेन्सर अंड्यांच्या उंचीला, बल्बसमोर नको. पंखा चोवीस तास चालू, तो रिलेवर (बोर्डावरच्या, बल्ब चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) जोडू नका. पंखा असेल तर ३७.५. पंखा नसलेल्या खोक्यात अंड्यांच्या माथ्यावर ३८.५ च्या पुढे लागतं, पण तुमच्याकडे पंखा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

फिरवणं: अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच बाजूवर पडत नाही. पहिला आठवडा अजिबात चुकवू नका, तेव्हा जीव कवचाला आतून चिकटायची भीती असते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आणि वाटीत पाणी तेव्हा घाला. तेव्हा ६५ ते ७० टक्के पाहिजे, कारण कवच टोचल्यावर आतला पापुद्रा वाळला तर तो पिल्लाला आवळतो. तीन दिवस झाकण उघडायचं नाही. कुणी पाहुणा आला, पोरं मागे लागली, तरी नाही. त्यासाठी झाकणाला काच बसवून घ्या.

देवरुखकडचा

ताई, मनापासून आभार. शेजाऱ्याला विचारलं. अंडी फोडली तेव्हा पाणी सांडलं होतं म्हणाला, आणि भोकं एकच, तेही पंख्याच्या वायरीसाठी. लाइटचं कुणी सांगेल का? घरात इन्व्हर्टर नाही. आणि अंडी किती दिवसांची साठवलेली चालतात? रोज पाच-सहाच मिळतात.

वायरमन, सातारा

लाइटचं मी सांगतो. इन्व्हर्टर नसेल तर ४० वॅटचे बल्ब बाजूला ठेवा आणि सगळा खोका १२ व्होल्टवर करा. चारचाकीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे साधे बल्ब मिळतात (एलईडी नको, त्याने ऊब येत नाही). दोन बल्ब तुमच्या खोक्याला पुरतील, बाहेर २६-२७ अंश असताना निम्मा वेळ ते बंदच राहतात. जुनी पण चांगली गाडीची बॅटरी आणि तिला ऑटोमॅटिक चार्जर. लाइट गेली की बॅटरी आपोआप पुढे चालवते. ४० अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्या भारावर रात्र काढते. बॅटरीजवळच दहा अँपिअरचा फ्यूज टाका. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर फक्त बोर्ड आणि पंख्यापुरता आहे, त्यावर बल्ब जोडाल तर जळेल. ओल्या हाताने दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची, त्या जागी २३० व्होल्ट नसलेलेच बरे.

बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवा. थर्माकोल वितळतो आणि पेटला तर विझवणं अवघड.

आणखी एक, आणि हे कृपा करून कराच. त्या बोर्डाचा रिले कधी कधी चिकटतो आणि बल्ब लागलेलाच राहतो. थंडी अंडं बरीच सहन करतं, उष्णता नाही. चाळिशीच्या पुढे काही तास गेले की आतले जीव संपतात. दुसरा तसाच बोर्ड घ्या, ३८.५ वर लावा आणि बल्बच्या वायरीत पहिल्याच्या पुढे जोडा. पहिला अडकला तरी दुसरा तोडेल.

बॅटरीही संपली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेने ठेवा आणि खोक्यावर गोधडी टाका, भोकं मोकळी ठेवून. तास-दोन तासांनी घाबरू नका, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतील.

परसदार, कुडाळ

वायरमन दादांनी दुसऱ्या बोर्डाचं सांगितलं ते लाख मोलाचं.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. त्यापुढे पिल्लांचं प्रमाण घसरत जातं. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, रुंद टोक वर करून ठेवा. फ्रिजमध्ये नको. धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. शेणकाड लागलेलं अंडं सरळ खाण्यात घाला. लांबुळकी, फार मोठी, पातळ कवचाची बाजूला काढा. रोज पाच-सहा म्हणजे चार-पाच दिवसांत तुमचा ट्रे भरतो. तेवढ्या वेळात रिकामा खोका चालवून बघा, पहाटे आणि दुपारी तापमान किती हलतं ते लिहून ठेवा. लावायच्या दिवशी सगळी अंडी एकदमच लावा. रोज थोडी थोडी घातली तर अठरावा दिवस प्रत्येकाचा वेगळा येतो आणि कुणासाठी पाणी घालायचं तेच कळत नाही.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावा. मध्ये काळा ठिपका आणि चहूकडे कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला. काहीच नाही, नुसतं पिवळं, तर ते भरलेलं नाही. लाल कडं दिसलं तर सुरुवातीला धरून मेलेलं. दोन्ही काढा, खोक्यात नासलं तर बाकीच्यांना धोका.

पिल्लं निघाली की वाळून गुबगुबीत होईपर्यंत आतच राहू द्या. पोटात पिवळा बलक ओढून घेतलेला असतो, दोन दिवस दाणापाण्यावाचून काही होत नाही. टोचून अडकलेल्याला सोडवायचा मोह होतो, पण बारा ते चोवीस तास ते दमानेच येतं, तोवर हात लावू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाची लस (मानमोडी रोगावरची) डोळ्यात एकेक थेंब. पावसात मानमोडी आली तर सगळं पुसून नेते, म्हणून हे टाळू नका.

आणि तुमची एखादी खुडूक कोंबडी त्या आठवड्यात असेल तर तिला चार खोटी अंडी देऊन बसवून ठेवा. रात्री अंधारात मशीनमधली पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवा. पिल्लं ती सांभाळते, तुमचा ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचा) खर्च आणि पावसातली निम्मी काळजी वाचते. बाकीच्या कोंबड्या अंडी देत राहतील, जे तुम्हाला हवंच आहे.

सातव्या दिवशी ट्रेचं वजन इथे टाका, म्हणजे पाण्याचं नक्की सांगता येईल.