डीसीएफएच-डीए टाकलं की कंट्रोलही हिरवाच, काऊन?

राजेहो, यीस्टमधले आरओएस (ऑक्सिजनचे लय रिअॅक्टिव्ह रेणू) मोजाचे म्हणून डीसीएफएच-डीए हा ऑक्सिडाइज झाला की हिरवा चमकणारा डाय आणला, पण ज्या सेल्सले हायड्रोजन पेरॉक्साइड दिलंच नाही त्याही हिरव्यागार. माह्यं काय चुकून रायलं?

↳ भाऊ, डाय उजेडात होता का? सेलमधी शिरला की एस्टरेज हे सेलमधलं एन्झाइम त्याचे अॅसिटेट गट कापते, मंग ऑक्सिडाइज होऊन चमकते, पण उजेडानंही तेच होते, 488 नॅनोमीटरचा निळा लाइट जास्त येळ मारला तरी. फॉइल गुंडाळ अन् ताजा बनव. आमच्याकडं तं लाइट गेली का फ्रीजमधला स्टॉक गेलाच समजा!

↳ अन् बिनडायच्या सेल्स पाह्यल्या का, त्या सोताच चमकत असल्या तं? दुसरं, 'पेरॉक्साइड वाढलं' असं लिहू नको बाप्पा, नुसतं पेरॉक्साइड या डायले नीट ऑक्सिडाइज करतच नाही, लोह नाहीतं पेरॉक्सिडेज एन्झाइम लागते, शिवाय डाय सोताच सुपरऑक्साइड (हाही आरओएसच) तयार करते. पेरॉक्साइडसाठी बोरोनेटवाले प्रोब (दुसऱ्या जातीचे डाय) बरे, पण तेही पेरॉक्सिनायट्राइट या दुसऱ्या ऑक्सिडंटसंग लय जास्त फास्ट चालतात. एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, अँटिऑक्सिडंट) देऊन चमक कमी होते का तेवढं पाह्यजो.

↳ खिडकीजोळच ठेवली होती बाटली 😅 उद्या फॉइल लावतो.