भिंतीआधी झाकण, आणि ती रेघ
मांस भाजताना त्यात खुपसायची सळई असते ना, फोनवर तापमान दाखवणारा वायरलेस थर्मामीटर, त्याचा सिग्नल भिंतीमुळे तुटतो असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं. भिंतीच्या आधी ग्रिलचं धातूचं झाकणच ब्लूटूथ अडवतं. मी चार्जिंगची डबी, तीच माझा रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारी), ग्रिलला लागूनच ठेवतो (झाकणावर नाही, एकदा प्लास्टिक वाकवून झालंय), तेव्हापासून आतल्या खोलीतही फोनवर आकडे येतात.

पण सळई मांसात कुठवर जायला हवी ते दाखवणाऱ्या तिच्यावरच्या बारीक रेघेबद्दल कुणीच लिहिलं नाही. बॅटरी आणि सर्किट मांसात जाणाऱ्या भागात असतात. मांसात पाणी असतं, त्यामुळे आतलं तापमान 100 अंशांच्या खालीच राहतं आणि बॅटरी-सर्किट शाबूत राहतात. रेघ मांसाबाहेर उघडी राहिली की ओव्हनच्या 220 अंशांत खेळ खलास. माझी पहिली सळई अशीच गेली. तुकडा पातळ होता, आडवी खुपसायला हवी होती, मी आपली वरून उभी टोचली! आणि हो, मोठा रोस्ट (भाजलेला मांसाचा अख्खा तुकडा) बाहेर काढल्यावरही आतून 3 ते 5 अंश चढतो, म्हणून तो मी तेवढे अंश कमी असतानाच काढतो. चिकन मात्र 74 दिसल्याशिवाय नाही, तेही मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता.