घाटवाटांवर रंगाचे बाण, शिड्या, रेलिंग: हवेत की नकोत?

जुनीवाट:
सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांवर हल्ली कातळावर रंगवलेले बाण दिसतात. अवघड टप्प्यांवर शिड्या आणि रेलिंग बसवा, अशी मागणीही वाढते आहे. माझा याला ठाम विरोध आहे.

घाटवाट कुणासाठी काढली, हे तिच्या वळणांवरून कळतं. लमाणांचे लादलेले बैल ज्या वाटेने जायचे ती कधी सरळ चढत नाही. डोंगराच्या सोंडेवरून वळसे घेत, पदरात म्हणजे मधल्या सपाटीवर टेकत, पाणी गाठत ती माथ्यावर पोचते. मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं. नुसत्या माणसांची वाट मात्र नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या घळीतून, थेट कोसळते. नाणेघाटात तर सगळं अजून जागेवर आहे: फरसबंदी, पाण्याची टाकी, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेलं लेणं, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. जुन्नरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी इथूनच कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना उतरायचा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे चढली, १८६५ मध्ये थळघाटातून, आणि बैलांच्या वाटा ओस पडत गेल्या.

आता बाणांचं. रंगवणारा बहुतेकदा मोबाइलमधला ट्रॅक बघत आलेला असतो. तो वळसा कापून सरळ उतरतो आणि तेच रंगवून ठेवतो. मागचे सगळे तिथूनच घसरत जातात. पावसाळ्यात पाणी त्या घसाऱ्यातून पन्हळीसारखं धावतं आणि खालच्या वळणाचा दगडी बांध घेऊन जातं. शतकानुशतकं टिकलेलं वळण दोन पावसाळ्यांत संपतं. शिवाय बाण असला की वाटाड्या नको, वाटाड्या नसला की गावाशी बोलणं नाही.

पायथ्याचा:
मी घाटाखालच्या वाडीतला. तुमचं वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितो. तुम्हाला जी जुनी वाट दिसते ती आमच्या आईची बाजाराची वाट होती. माझी आत्या वर घाटमाथ्यावर दिलेली आहे. सणाला ती याच वाटेने पोर कडेवर घेऊन उतरायची. कातळाच्या टप्प्याला गावकरी निसणी लावायचे. झाडाचं खोड, त्याला खाचा. पावसात कुजली की नवी. तिथे आज लोखंडी शिडी आली तर वाट बाटते कशी? भीमाशंकरच्या शिडी घाटाचं नावच शिडीवरून आहे. ज्यांना ती नको ते गणेश घाटाने लांबून चढतात. आणि नाणेघाटातली फरसबंदी तरी काय आहे? त्या काळच्या राजाने केलेली सोयच ना? तेव्हा कुणी म्हटलं नसेल, डोंगर आहे तसा ठेवा.

दुसरं. शहरातली पोरं अंधारात नाळ चुकतात तेव्हा बॅटऱ्या घेऊन आम्हीच जातो. दुसऱ्या दिवशी रानातलं काम बुडतं. फाट्यावर एक बाण असता तर ही वेळ आली नसती.

कारवी:
जुनीवाट यांच्याशी सहमत. रविवारी हरिहर किल्ल्यावर जाऊन बघा. कातळात खोदलेल्या त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकून उभे असतात. सोय झाली की गर्दी येते, गर्दी आली की आणखी सोय मागितली जाते. कळसूबाईला शिड्या आहेत, रेलिंग आहे, तिथे खुशाल जावं. सगळा सह्याद्री तसा कशाला करायचा? जिथे शेवटचा मुक्काम धनगराच्या झापात, म्हणजे झोपडीत, आणि पुढची वाट त्याने हाताने दाखवलेली, अशा जागा राहू द्या.

दूरदेशी:
मी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला राहते. इथल्या रानात संवर्धन खात्याच्या साडेनऊशेहून जास्त झोपड्या आहेत, 'हट' म्हणतात. कितीतरी १९५०-६० च्या दशकांत सरकारने हरणं मारायला पाठवलेल्या शिकाऱ्यांसाठी बांधलेल्या. चार-सहा जणांपुरत्या झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात शेगडी, बाहेर पत्र्यावरचं पाणी साठवणारी टाकी. सोन्याच्या शोधात खणलेल्या घोड्या-खेचरांच्या वाटाही अजून चालत्या आहेत. सगळ्यांना एकच माप लावत नाहीत. काही वाटांवर पूल आणि फळ्या आहेत, काहींवर नदी स्वतःच्या हिमतीवर ओलांडायची. झाडांवर नारिंगी त्रिकोण ठोकतात. चुकला तर काढता येतो, कातळावरचा रंग निघत नाही. प्रत्येक हटमध्ये वही असते. कोण आलं, पुढे कुठे निघालं ते लिहायचं. कुणी हरवलं तर शोध तिथून सुरू होतो. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या शेवटच्या घरात अशी वही ठेवायला काय हरकत आहे?

पायथ्याचा:
ताई, वही चांगली. पण तुमच्याकडे त्या रानात कुणाची वस्ती नाही. इथे जंगल वनखात्याचं, पदरातलं भाताचं खाचर आमचं, आणि चर्चा चाललीय चालायला येणाऱ्यांची. आम्हाला कुणी विचारलंय का?

जुनीवाट:
निसणीचा मुद्दा मला मान्य आहे. गाव रोज वापरत असलेल्या टप्प्यावर गावाने मागितली तर शिडी हवीच. माझा विरोध पाहुण्यांसाठी लावलेल्या लोखंडाला आहे. रंगाबद्दल मात्र मी हलणार नाही. डांबरी रस्ता वाडीपर्यंत आला की वाट मोडते, कारवीची आणि घाणेरीची झुडपं ती गिळून टाकतात. तिला जगवायचं तर दिवाळीनंतर कोयता घेऊन साफ करणारे हात हवेत. ते काम गावाने करावं आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रेक ग्रुपने त्याची मजुरी द्यावी. बाणांच्या रंगावर घालवलेला पैसा इकडे वळवा.

कारवी:
मजुरीला +१. पण दर ग्रामसभेने ठरवावा, नाहीतर दोन वर्षांत मधले दलाल येतील.

पायथ्याचा:
मजुरी घेऊ, त्यात लाज नाही. बाण नको म्हणता तर सोडा. पण जिथे ढोरवाट आणि मूळ वाट फुटतात तिथे पाटी लागेलच, त्याला मी हटणार नाही. ढोरं पाण्यावर जातात, माणूस त्यांच्या मागे गेला की थेट कड्यावर निघतो. आणि सफाई टाक्यापासून सुरू करा. वरचं टाकं गाळाने भरलंय. पूर्वी माघापर्यंत पाणी पुरायचं, आता मार्गशीर्षातच तळ दिसतो.