मदत हवी आहे: ओला हरभरा आणि मटार घालून झटपट पास्ता

नमस्कार मंडळी, मी जळगावची. सध्या बाजारात ओला हरभरा, हंगामातले शेवटचे मटार, कांद्याची पात, गाजरं सगळं एकदम मिळतंय. ऊन तापलं की हे संपणार, म्हणून या भाज्यांचा पास्ता ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात करता यावा, असं फार वाटतं.

पास्ता उकडणं जमतं. 250 ग्रॅम पेनेला अडीच लिटर पाणी, चांगलं मीठ, शेवटच्या 3 मिनिटांत त्याच पाण्यात मटार आणि गाजराचे काप. वाटीभर पाणी काढून ठेवते. त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, त्यामुळे सॉस छान मिळून येतो.

अडतं ते ओल्या हरभऱ्यापाशी. मटारासोबत टाकला तर कचकचीत राहतो, आधीपासून उकळला तर हिरवा रंग जातो. तो लसणावर परतून झाकण ठेवावा, की वेगळा वाफवून घ्यावा? नेमकी किती मिनिटं?

क्रीम आणायचं नाहीये, घरची साय आहे. वरून लिंबू हवंच, पण साय फुटेल का? गॅस बंद करून पिळलं तर चालतं का?

आणि सासऱ्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही. आपला काळा मसाला मी यात घालणार नाही, कोवळ्या भाज्यांची चव पार झाकली जाते. हिरव्या मिरचीचा ठेचा तेलात लसणासोबतच परतावा, की ताटात बाजूला द्यावा? कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा ना.