आंब्याच्या पेटीचा खिळा तळपायात गेला. टीटी आजच घ्यायचं की सोमवारी चालेल?

गच्चीवाली_कोथरूड:

नमस्कार मंडळी. मी गच्चीत हापूसच्या जुन्या लाकडी पेट्यांमध्ये मेथी, पालक, कोथिंबीर लावते. पेट्या मार्केट यार्डातल्या, आत प्लास्टिकचं अस्तर, त्यात शेणखत आणि सोसायटीचा पालापाचोळा. यंदाच्या पावसात एक पेटी पार कुजली म्हणून काल सकाळी ती मोडायला घेतली. एक फळी उलटी पडली होती, नेमका तिच्यावर पाय पडला. पायात बाथरूमची रबरी स्लीपर. खिळा स्लीपरचा तळ फोडून टाचेच्या जरा पुढे, थेट तळव्यात. फळी पायाला लटकून वर आली म्हणजे बघा.

रक्त म्हणाल तर दोन थेंब. मला तेच आवडलं नाही. सुरीने कापतं तेव्हा निदान भळभळ वाहून आतली घाण बाहेर तरी पडते. इथे वरून बघावं तर मुंगी चावल्याएवढं भोक, आणि आत किती गेलंय ते त्या खिळ्यालाच ठाऊक.

लगेच नळाखाली पाय धरला, साबणाने धुतला, बेटाडिन लावून वर गॉजची पट्टी बांधली. आज भोकाभोवती थोडं दुखतंय, टाच टेकवत नाही, पण लाली नाही, ताप नाही.

आता घरातली मतं. यांनी खिळा धुऊन पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवलाय, पंचनाम्याला ठेवतात तसा. म्हणणं असं, की 'हा बघ, चकचकीत आहे, गंज नाही, म्हणजे धनुर्वात नाही.' शेजारच्या आजी हळद-चुना गरम करून घेऊन आल्या होत्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. बंगळूरहून मुलाचा फोन, 'आई, चोवीस तासांच्या आत इंजेक्शन घेतलं नाही तर उपयोग नाही.' चोवीस तास तर होऊन गेले! आणि आमचे फॅमिली डॉक्टर शनिवारी दुपारी दवाखाना बंद करतात ते सोमवारीच उघडतात.

माझा जन्म 1966 चा. लहानपणी काय टोचलं ते सांगायला आता कोणी नाही. दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत, तेवढाच पुरावा. टीटी घेतल्याचं नक्की आठवतं ते दोन्ही बाळंतपणांच्या वेळचं, 1991 आणि 1994. त्यानंतर काही नाही. शुगर काठावर आहे, गोळी सुरू नाही. सोमवारपर्यंत थांबू का? आणि खिळ्याच्या चकाकीला खरंच काही अर्थ आहे का, म्हणजे मला घरात तसं सांगता येईल.

---

निवृत्त_सिस्टर:

ताई, थांबू नका, आजच जा. रविवारी दवाखाने बंद असले तरी कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग उघडा असतो. ससूनला चोवीस तास सोय आहे. तुमच्या कोथरूडमध्येही जवळपास काही ना काही सापडेल.

साहेबांना सांगा, खिळा टेबलावरून उचलला तरी चालेल. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, गुरांच्या आणि घोड्यांच्या आतड्यात असतात. बाहेर ते बीजाणू होऊन वर्षानुवर्षं टिकतात, उन्हाने मरत नाहीत, साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. गंजका खिळा बदनाम झाला, कारण तो बहुतेक वेळा मातीत पडलेला असतो. तुमचा खिळा चकचकीत असला तरी शेणखतात मुरलेला आहे. मला विचाराल तर भिंतीतल्या गंजक्या खिळ्यापेक्षा हा जास्त वाईट.

दुसरं, या जंतूला हवा सोसत नाही. उघड्या, वाहत्या जखमेत त्याचं फार चालत नाही. अरुंद, खोल, वरून मिटलेलं भोक हे त्याचं आवडतं घर. दोनच थेंब रक्त आलं ते आवडलं नाही म्हणालात, बरोबर आहे ते.

चोवीस तासांचं. लवकर घेतलेलं केव्हाही चांगलं, पण चोवीस तास उलटले म्हणून दार बंद होत नाही. जखम झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 21 दिवस जातात. त्यामुळे उशीर झाला म्हणून 'आता कशाला' असं कोणी म्हणू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी ओझरता लिहिलाय. आधी किती डोस झालेत? देवीचा वण यात धरायचा नाही, ती लस वेगळ्या रोगाची. देशभराचा लसीकरण कार्यक्रम सुरू झाला 1978 मध्ये, तेव्हा तुम्ही शाळेत होतात. म्हणजे बाळपणीचे तीन डोस झालेच असतील असं धरता येत नाही. बाळंतपणातले मात्र मोजायचे. पहिल्या वेळी बहुधा दोन आणि दुसऱ्या वेळी एक किंवा दोन असतील. जुनी फाइल माळ्यावर असेल तर काढा, कारण डॉक्टर त्यावरच ठरवतील. एकूण तीन किंवा जास्त डोस नक्की झाले असतील तर अशा मातकट जखमेला शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली की एक बूस्टर द्यायचा. स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षांचा हिशेब. तीन डोस झाले की नाही हेच माहीत नसेल, तर लशीबरोबर दुसऱ्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही देतात, साधारण 250 युनिट. लस शरीराला शिकवते, त्याला वेळ लागतो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती लगेच कामाला लागतात. जाताना हे स्वतःहून विचारा. रविवारच्या गर्दीत 'टीटी द्या' म्हटलं की टीटी टोचून मोकळे होतात, आधीचे डोस कोणी विचारत नाही.

आणि शुगर काठावर असताना तळपाय. स्लीपरमधून आत गेलेल्या खिळ्याबरोबर रबराचा तुकडाही आत जातो. तो तिथे राहिला तर जखम बरी झाल्यासारखी दिसते आणि आठवड्याभराने पुन्हा ठणकायला लागते, कधी हाडापर्यंत जाते. स्लीपर सोबत न्या, भोकातला टवका जागेवर आहे का ते डॉक्टरांना बघता येईल.

मी पालिकेच्या हॉस्पिटलात काम केलं. धनुर्वाताच्या पेशंटची खोली अंधारी ठेवायचो, दाराला कापड गुंडाळायचो, कारण दार आपटलं तरी पेशंटला झटका यायचा. पाठ धनुष्यासारखी वाकायची, आणि पेशंट पूर्ण शुद्धीवर. त्यामुळे माझं मत थोडं कडक असेल, असू दे.

---

मावळचा_गडी:

आमच्याकडे काटा रुतला की रुईचा चीक लावायचे, खिळा लागला की बिब्ब्याचा चटका. आजोबा नव्वदीपर्यंत अनवाणी भातखाचरात. कुठलं टीटी न् कुठलं काय. हल्ली जरा खरचटलं तरी इंजेक्शन. काकू, घाबरू नका.

---

निवृत्त_सिस्टर:

दादा, आजोबांना माझा नमस्कार. पण जे लहानपणी गेले ते नव्वदीची गोष्ट सांगायला येत नाहीत. नाळ विळ्याने कापून त्यावर शेण-राख लावायची पद्धत होती, त्यातून किती तान्ही पोरं गेली ते जुन्या सुईणींना विचारा. 2015 मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, ते गर्भवतींच्या इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे. बिब्ब्याने वरची कातडी भाजते आणि भोक बंद होतं, म्हणजे जंतूला आणखी बरं. हळद, चुना, तेल, रॉकेल, काही काही भरायचं नाही. ताईंनी केलं तेच, वाहतं पाणी आणि साबण, चांगली पाच-दहा मिनिटं. काडी घालून आत कोरायचं नाही आणि चिकटपट्टीने घट्ट मिटवायचं नाही.

---

भोसरीचा_फिटर:

माझा पण प्रश्न घुसडतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा लागला, बर घुसला की सुपरवायझर लगेच टीटीला पाठवतो. सहा महिन्यांच्या आत घेतलं असेल तर नको, नाहीतर घ्याच, असा नियम. माझे गेल्या काही वर्षांत एवढे झालेत की मोजायचं सोडलं. मागच्या वेळी दंड कोपरापर्यंत सुजला. एवढे घ्यावे लागतात का?

जाता जाता, घोड्यांचा विषय निघाला म्हणून. पूर्वी धनुर्वाताचं सीरम घोड्याच्या रक्तातूनच काढायचे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे म्हातारे घोडे त्यासाठी मुंबईला हाफकिनमध्ये जायचे, आणि त्यातूनच 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्याच्या लिदीत जंतू, त्याच्याच रक्तात औषध.

---

औषधांचं_दुकान:

फिटरसाहेब, सहा महिन्यांचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, पण पुण्यात प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे. पूर्ण कोर्स झालेल्याला स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षं, घाणेरड्या जखमेसाठी पाच वर्षं, सिस्टरांनी लिहिलंय तेच. फार लवकर लवकर घेतलं की आधीच्या प्रतिपिंडांमुळे दंड असा सुजू शकतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना सूज नक्की सांगा. शेवटच्या डोसाची तारीख मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि सुपरवायझरला दाखवा.

ताई, आता बरेच ठिकाणी टीटीच्या ऐवजी टीडी मिळेल, त्यात धनुर्वातासोबत घटसर्पाचा छोटा डोस असतो. दचकू नका, तेच घ्यायचं. आणि दुकानातून विकत घेऊन पर्समध्ये टाकून फिरू नका. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे, आणि गोठली तर कायमची वाया. फ्रीजरमध्ये बर्फाशेजारी ठेवून दुसऱ्या दिवशी 'टोचून द्या' म्हणत येणारे रोज भेटतात.

---

गच्चीवाली_कोथरूड:

सगळ्यांचे आभार. सिस्टरांचा मजकूर वाचून संध्याकाळीच जाऊन आले. माळ्यावर धाकट्याच्या वेळची फाइल सापडली, वाळवीने कडेकडेने खाल्लेली, पण दोन टीटीच्या तारखा वाचता येतात. थोरल्याच्या वेळची नाही मिळाली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी आधीच्या डोसांचा विषय काढल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं. कागदावर दोनच, तिसऱ्याचा पुरावा नाही आणि जखम शेणखतातली, म्हणून टीडी एका दंडात आणि इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या. स्लीपर उजेडात धरून बघितली. भोकाचा रबरी टवका तिथेच लोंबत होता, म्हणजे आत गेलेला नाही. तरी एक एक्स-रे काढला, खिळ्याचं टोक आत मोडलेलं नाही ना बघायला. नाही मोडलेलं. लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा जबडा उघडायला, गिळायला जड वाटलं तर लगेच यायला सांगितलंय.

यांची आता वेगळीच पंचाईत झाली आहे. यांना तर बाळंतपणातलंही टीटी नाही! 1962 चा जन्म, घरात कोणाला काही आठवत नाही. यांनी जखम नसताना घ्यावं का? आणि माझा पुढचा डोस चार आठवड्यांनी सांगितलाय, तेव्हा नेमकी मी बंगळूरला असेन. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करायची का?

---

निवृत्त_सिस्टर:

साहेबांनी जरूर घ्यावं. तुमच्या पिढीतल्या पुरुषांचं असंच आहे, बायकांना निदान पोटुशी असताना कोणीतरी टोचलं. एक आत्ता, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा सहा ते बारा महिन्यांनी, पुढे दहा वर्षांनी बूस्टर. जखम होण्याची वाट बघायची नाही.

तुमचे चार आठवडे म्हणजे किमान अंतर. उशीर झाला तर चालतो, पहिल्यापासून सुरुवात नाही करायची. बंगळूरलाही हीच टीडी मिळते, कार्ड सोबत न्या आणि तिथे घ्या. आणि गच्चीत जाड तळाचे बूट घाला, रबरी स्लीपर बाथरूमलाच बरी.